विकणाऱ्यापुढे आपला हात, मान आणि पाय कसे सांभाळावेत

चवथीच्या आधी मी आणि माझी जाऊ मडगावला साडी घ्यायला गेलो होतो. मला एकच हवी होती, तीही दोन हजारांच्या आतली. गादीवर टेकलो न टेकलो तोच लिंबू सोडा आला. "वहिनी, घेऊ नका, नुसती अंगावर टाकून बघा," असं म्हणत विक्रेत्याने एक मोरपंखी साडी माझ्या खांद्यावर टाकली आणि आरसा पुढे केला. तासाभराने बाहेर पडलो तेव्हा पिशवीत तीन साड्या आणि एक ड्रेस मटेरियल होतं. परतीच्या बसमध्ये जाऊ म्हणाली, "तोंडाने 'बघू, बघू' म्हणत होतीस, पण मान सारखी हो हो करत होती."

तिने नेमकं बोट ठेवलं होतं. आपलं मन अजून विचारच करत असतं, आणि शरीर सौदा करून मोकळं झालेलं असतं. मुरलेल्या विक्रेत्याला हे अनुभवाने ठाऊक असतं. म्हणून खरेदीत सावध राहायचं तर मनाला बजावत बसण्यापेक्षा अवयवांपासून सुरुवात करावी. मी ती अशी केली.

पायरी १ : आठवडाभर नुसतं टिपा

नखं कुरतडण्यासारख्या सवयींवर नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक उपचारपद्धत मांडली. तिची सुरुवात सवय सोडण्याने होत नाही, ती होताना पकडण्याने होते. त्यानंतर, सवय होऊच शकणार नाही अशी दुसरी हालचाल तिच्या जागी बसवायची. खरेदीलाही हेच लागू पडतं.

स्वतःची हालचाल स्वतःला दिसत नाही, म्हणून सोबतच्या माणसाला विचारा. माझी यादी अशी निघाली: किंमत ऐकली की कानातला डूल चाचपते, "नको" म्हणायचं असलं की आधी हसते, आणि मान तर आहेच. नवऱ्याचं वेगळं. वस्तू आवडली की त्याचा हात पाकिटाच्या खिशावर जातो. दुकानदार तेवढंच पाहतो आणि घासाघीस तिथेच संपते.

पायरी २ : हात रिकामे करा

काजूच्या दुकानापुढून जाताना तळहातावर दोन मसाला काजू येतात. खाल्ले की पाव किलो न घेता पुढे जाणं जड वाटतं. डेनिस रीगन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक माणूस न मागता दुसऱ्यासाठी कोका-कोलाची बाटली आणायचा आणि थोड्या वेळाने त्याला लॉटरीसारखी तिकिटं घ्यायला सांगायचा. बाटली मिळालेल्यांनी जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली. काजू जरूर खा, "बरे आहेत" म्हणा. ऋण दोन काजूंचं आहे, पाव किलोचं नाही, एवढं ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. जोआन पेक आणि सुझान शू यांच्या २००९ च्या संशोधनात असं दिसलं की साधा कॉफीचा मग नुसता हाताळला तरी तो आपला असल्यासारखा वाटू लागतो आणि त्याची किंमतही जास्त वाटते. खांद्यावरच्या साडीचं तेच झालं. "घेऊ नका, बघा" या वाक्यातलं "घेऊ नका" आपल्या कानांसाठी असतं आणि साडी आपल्या खांद्यासाठी.

मग हात लावायचाच नाही का? तसं नाही. मासळी बाजारात कल्ले उघडून न पाहता बांगडा घेणाऱ्याला घरी काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. बोटांना काही कळत असेल तर खुशाल हात लावा. मासळीचा ताजेपणा कळतो, कापडाचा पोत कळतो. कळलं की वस्तू विक्रेत्याच्या हातात परत द्या आणि मगच भाव विचारा. पुन्हा हात पुढे जाऊ लागले तर दोन्ही हातांनी पिशवीचे बंद धरा. दिसायला विचित्र दिसतं, पण उपयोग होतो.

पायरी ३ : मान स्थिर ठेवा

हे सगळ्यात अवघड, कारण मान डोलावणं ही आपल्याकडची सभ्यता आहे. कीर्तन असो की जत्रेतलं नाटक, डोलणारा श्रोता म्हणजे चांगला श्रोता. आपण "ऐकतेय" म्हणून मान हलवतो, समोरचा ती "पटतंय" अशी मोजतो. गोम अशी की आपलं मनही ती तशीच मोजतं.

गॅरी वेल्स आणि रिचर्ड पेटी यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांना हेडफोन तपासायचे आहेत असं सांगून काहींना मान वरखाली, तर काहींना आडवी हलवायला लावली. कानात फीवाढीबद्दलचं भाषण चालू होतं. मान वरखाली हलवणारे त्या भाषणाशी अधिक सहमत झाले. पुढे २००३ मध्ये पाब्लो ब्रिन्योल आणि पेटी यांनी यातला बारकावा दाखवला. मान वरखाली केली की मनात त्या वेळी जो विचार चालू असतो, त्यावरचा आपला भरवसा वाढतो. "किती सुंदर रंग" असं मनात चाललं असेल तर तो विचार पक्का होतो. "हा भाव जरा जास्तच आहे" असं चाललं असेल तर तोही पक्का होतो. म्हणून विक्रेता आधी सुंदर गोष्टी बोलतो आणि भाव शेवटी सांगतो.

"रंग उठावदार आहे ना? काठ नाजूक आहेत ना? चवथीला शोभेल ना?" यातलं एकही वाक्य प्रश्न नाही. "ना" वर संपणारं वाक्य तुमच्या मानेकडून दस्तुरी वसूल करतं. उपाय असा: प्रत्येक "ना" मनात मोजा आणि उत्तर मानेने न देता पूर्ण वाक्यात द्या. "रंग आवडला, काठ आवडले नाहीत." बोलायला शब्द शोधावे लागतात, आणि तेवढ्यात डोकं जागं होतं.

पायरी ४ : आकडा घरूनच न्या

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं चक्र फिरवलं आणि लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता.

हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात "बाराशे" ऐकून सहाशेला घेतलेली पिशवी जिंकल्यासारखी वाटते. निघताना फोनमध्ये "तीनशे" लिहून ठेवलं असतं तर?

पायरी ५ : आधी उठा, मग ठरवा

कळंगुट-बागा रस्त्यावर स्कूटर थांबवून स्क्रॅच कार्ड हातात देतात. बक्षीस हमखास निघतं आणि ते घ्यायला जोडीने कुठे तरी जाऊन बसावं लागतं. तिथे सुट्टीच्या सदस्यत्वाची माहिती ऐकता ऐकता तास-दीड तास जातो. वाचवायचे ते पाय तिथेच. कार्ड घासण्याआधी स्कूटर सुरू करा. आणि कुठे बसलाच असाल तर बसल्या जागी काहीही ठरवू नका. उठून दाराबाहेर या, घरी फोन करा. हा माझा घरगुती उपाय आहे, पण आजवर दाराबाहेरून परत जाऊन मी क्वचितच काही घेतलंय.

पायरी ६ : अंगठा

फोनवर ना काजू असतात ना मान दिसते, तिथे अंगठा फसतो. "फक्त दोन शिल्लक", गुपचूप टोपलीत पडलेली जादा वस्तू, सापडत न सापडणारं रद्द करण्याचं बटण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांची यादी मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

हे वाचून समोरच्याची देहबोली ओळखायला शिकवणाऱ्या वर्गात मात्र नाव घालू नका. "५५ टक्के संवाद देहबोलीतून होतो" हे तिथलं लाडकं वाक्य. ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलं, आणि ते प्रयोग आवड-नावड सांगणाऱ्या शब्दांचा स्वर आणि चेहऱ्याशी मेळ बसत नाही तेव्हा काय होतं, एवढ्यापुरतेच होते.

नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ पुरले आणि कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मी बहुधा दुसऱ्या टोकाला आहे. गेल्या चवथीला त्याच दुकानात जावेने माझी मान नऊ वेळा मोजली. सोडा प्यायले, साड्या दोन झाल्या.