घरच्या पैशांवर कंपनी उभी करताना: इंदूरच्या नव्या उद्योजकांसाठी

इंदूरच्या मराठी घरात नव्या धंद्याला पहिले पैसे बहुधा काका, आत्या किंवा मेव्हण्यांकडून येतात. 'घे रे, बघू नंतर' म्हणून दिलेले हे पैसे पुढे फार छळतात. ते खात्यात येण्याआधी करायची कामं अशी.

आधी रक्कम काढा. समजा तुम्ही तिलकनगरात घरीच तयार पोह्यांची पाकिटं करून विकता आणि आता सांवेर रोडला गाळा घ्यायचाय. यंत्र, अनामत, छपाई, पगार हे सगळे लिहितात. दुकानदार दीड महिन्यानं पैसे देतो आणि पोहे-शेंगदाणे मात्र रोखीनं आणावे लागतात. तो मधला खड्डा भरायची रक्कम यादीत हटकून राहते.

मग कर्ज किती, भांडवल किती ते ठरवा. माल खपतोय आणि फक्त यंत्र हवंय, तर मुद्रा कर्ज बघा. त्याचे टप्पे असे: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख; तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पण माल खपेल का हेच अजून कळायचं असेल तर हप्त्याच्या फंदात पडू नका.

भांडवल घ्यायचं तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी हवी. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला शेअर देता येत नाहीत.

आता काकांचे पैसे. ते कंपनीला कर्ज म्हणून घेऊ, असं सगळ्यांनाच आधी सुचतं. संचालकाच्या नातेवाइकाकडून कंपनीला कर्ज घेता येतं, पण कंपनी कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत आई-वडील, नवरा-बायको, मुलं, सून, जावई, भाऊ, बहीण आहेत; काका, आत्या, मेव्हणे नाहीत! (एकत्र कुटुंबाची एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, असेल तर गोष्ट वेगळी.) त्यामुळे काकांचं कर्ज 'ठेव' ठरू शकतं आणि ठेवींचे नियम कडक आहेत. काकांकडून तुम्ही घेऊन संचालक म्हणून कंपनीला द्यावं, तर पैसे उसनवारीचे नाहीत असं लेखी द्यावं लागतं. तेव्हा सरळ शेअरच द्या.

त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाकडून शेअरची किंमत काढून घ्या, सभासदांचा विशेष ठराव करा, काकांच्या नावानं प्रस्तावपत्र काढा. पैसे बँकेतूनच आणि वेगळ्या खात्यात घ्या. काकू पाकिटात घालून देतील, ते चालत नाही. ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. तेही चुकलं तर १२ टक्के व्याज. शेअर दिल्यावर १५ दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे विवरण भरा. मध्य प्रदेशचं हे कार्यालय ग्वाल्हेरला आहे, पण अर्ज ऑनलाइन जातो. विवरण भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गुंतवणूकदार हवेत' टाकू नका, अशा जाहिरातीला कायद्यानं मनाई आहे.

हिस्सा काढताना सगळे एकाच जागी अडखळतात. कंपनीची आजची किंमत ८० लाख धरली आणि काकांनी २० लाख घातले, तर त्यांचा हिस्सा २५ नव्हे, २० टक्के. कारण पैसे आल्यावर कंपनी एक कोटीची झाली. पहिल्याच फेरीत घरच्यांना ४० टक्के वाटून बसलात तर पुढचा गुंतवणूकदार बिचकतो.

चढ्या भावानं शेअर दिले तर कंपनीला कर बसेल, अशी भीती कुणी घातली तर तो एंजल टॅक्स आकारणी वर्ष २०२५-२६ पासून (म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून दिलेल्या शेअरना) रद्द झालाय, हे सांगा.

बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे जाताना स्लाइडपेक्षा वही न्या: कोणत्या दुकानानं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा माल मागवला, पाकिटामागं किती सुटतं. आपल्या शहरातला व्यापारी दुसऱ्याच वाक्याला तेच विचारतो.

सह्यांआधी भागधारकांचा करार वकिलाकडून करून घ्या. काकांना पैसे मोकळे करायचे झाले तर शेअर कोण, कोणत्या भावानं घेणार, हे कलम त्यात असू द्या. आणि ते काकूंच्या समोरच वाचून दाखवा.