कव्हर १२० पिक्सेलवर वाचता येईना, तेव्हा केलेली दुरुस्ती

व्हिडिओ गेम मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीचा. पहिल्या कव्हरवर ट्रॅक्टर, बैलजोडी, विहीर, कापूस, सोयाबीन, सगळंच कोंबलेलं. मोठ्या पडद्यावर झकास, पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या यादीत नुसता चिखल.

कारण मापात होतं. स्टीमचं छोटं कॅप्सूल, म्हणजे यादीत दिसणारं आडवं कव्हरचित्र, ४६२×१७४ पिक्सेलचं द्यायचं, पण त्याच चित्राची १२०×४५ एवढी बारीक आवृत्तीही दिसते. त्यात स्टीमचं पान गडद निळं. आपली काळी माती कडेला त्यात विरघळून जाते.

म्हणून एकच वस्तू ठेवली: लाल ट्रॅक्टर, खालून तिरक्या कोनातून. चित्राचा वरचा अर्धा भाग पेरणीआधीचं पिवळट आभाळ, माती फक्त तळाची पट्टी. छोट्या कॅप्सूलवर तर ट्रॅक्टरही अर्धाच, नाव जवळजवळ काठोकाठ. मोठं चित्र नुसतं आकसून छोटं करू नका, मांडणी नव्यानेच करा.

देवनागरी नावाची खोड वेगळी. वेलांटी-उकारामुळे उंची वाटली जाते आणि मूळ अक्षर बारीक होतं. जाड फॉन्ट घ्या, पण अक्षरांतल्या पोकळ्या बुजू देऊ नका. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर मजकुराच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडा.

‘लवकरच येत आहे’चा बिल्लाही काढला. सप्टेंबर २०२२पासून कॅप्सूलवर चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. स्टीमच्या लायब्ररीचं, म्हणजे खेळाडूच्या स्वतःच्या गेमसंग्रहात दिसणारं उभं चित्र ६००×९००. तिथे मात्र बैलजोडीला जागा मिळाली.