वण घालवायच्या नादात या चुका टाळा

‘डाग जायला काहीतरी द्या’ म्हणून मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणायची सवय घरोघरी आहे. ट्यूबवर काय लिहिलंय ते मात्र कुणी वाचत नाही. पुष्कळदा त्यात बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखं स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग महिनोन्‌महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, मुरुमं उसळतात आणि ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती चेहऱ्याला लावूच नका.

आधी तो नुसता डाग आहे की वण, हे पाहा. आरशासमोर एका बाजूने उजेड घ्या आणि बोट फिरवा. त्वचा सपाट आणि फक्त काळपट असेल तर तो मुरुमानंतरचा डाग. मुरुमं फोडली नाहीत आणि रोज ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावलं तर बहुतेक डाग काही महिन्यांत फिके होतात. लिंबू चोळून उन्हात जाणं मात्र नवे डाग ओढवून घेणं आहे. बोटाला खड्डा लागला तर क्रीमने तो भरून येत नाही. अरुंद, खोल खड्ड्यांना टीसीए क्रॉस (खड्ड्यात तीव्र आम्लाचा थेंब), आतून ओढल्या गेलेल्या पसरट खड्ड्यांना सबसिजन (त्वचेखालचे ओढणारे धागे सुईने सोडवणं), उथळ खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी दिलेला लेझर) असे वेगवेगळे उपचार असतात. एकाच गालावर तिन्ही प्रकार असू शकतात, म्हणून तपासणीआधीच लेझरचं पॅकेज विकणाऱ्याला पैसे देऊ नका. आपल्या सावळ्या त्वचेवर लेझर जोरात मारला तर काळे डाग उरतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक कानाच्या पाळीवर होते. कान टोचल्यावर काही महिन्यांनी तिथे घट्ट, खाजणारी गाठ येते आणि जखमेची हद्द ओलांडून वाढत जाते. हा कीलॉइड. छातीच्या मध्यभागी आणि खांद्यावरही तो येतो. लोकांना वाटतं, कापला की सुटलो. पण नुसता कापलेला कीलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, कधी पहिल्यापेक्षा मोठा. म्हणून डॉक्टर आधी गाठीतच ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण दर ४ ते ६ आठवड्यांनी. इंजेक्शन दुखतं, आणि एक-दोन वेळांत कंटाळून सोडून दिलं तर गाठ पुन्हा वाढायला लागते. नेमाने घेतलं तर खाज थांबते, गाठ मऊ पडते, मग हळूहळू बसते. कापायचीच ठरली तर नंतर इंजेक्शनं, दाब देणारी कानातली क्लिप किंवा रेडिएशन यांची योजना आधीच ठरलेली हवी. एकदा कीलॉइड झालेल्याने हौसेखातर नवं टोचून घेऊ नये, आणि कुठल्याही ऑपरेशनआधी सर्जनला हे सांगावं.

टाक्यांचा ताजा वण लाल आणि फुगलेला दिसतो म्हणून घाबरून जाऊ नका. तो पूर्ण मुरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. या काळात सिलिकॉनची पट्टी किंवा जेल खरोखर उपयोगी पडतं, पण जखम पूर्ण बंद झाल्यावरच आणि नेमाने. पट्टी दिवसातले किमान १२ तास, निदान दोन-तीन महिने ठेवावी लागते. रात्री तासभर लावून ‘फरक नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. खपली ओढू नका. जखम कोरडी पडू द्यायची ही समजूतही सोडा. साधं व्हॅसलिन लावून ओलसर ठेवलेली जखम चांगली भरते.

भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद नको. लगेच २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ लावू नका. कोपर, मान, बोटं यांवर भाजलं असेल तर दुखतं म्हणून सांधा वाकवून ठेवला जातो आणि वण आकसून तो तसाच अडकतो. स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) आणि फिजिओथेरपी डॉक्टर सांगतील तशी पहिल्या दिवसांपासूनच लागते. आणि घरात कुणाच्या जुन्या भाजल्याच्या वणावर अनेक वर्षांनी जखम उघडून ती आठवड्यांनंतरही भरत नसेल, कडा जाड होत असतील किंवा रक्त येत असेल, तर मलमपट्टी करत बसू नका. क्वचित तिथे कर्करोग असतो. तुकडा काढून तपासून घ्या.