पिस्तूल कमरेला लावण्याआधी दिवसभराचा रस्ता बघा

स्वसंरक्षणाचा परवाना मिळाला म्हणून पिस्तूल रोज कमरेला हवंच असं नाही. ते न्यायचं की नाही हे सकाळीच ठरवा, आणि त्यासाठी दिवसभराचे सगळे थांबे मनात मोजा. एका जरी थांब्यावर ते काढून ठेवावं लागणार असेल, तर त्या दिवशी ते तिजोरीतच राहू द्या. होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, नीट बसलेलं हत्यार सहसा दगा देत नाही. धोका असतो तो काढताना, परत लावताना आणि गाडीत ठेवून पाठ फिरवल्यावर.

आधी परवाना काढून नीट वाचा. क्षेत्राच्या रकान्यात काय लिहिलंय? गोवा इतका लहान, की डिचोलीहून सहज निघालेला माणूस दोडामार्गला पोचतो आणि तिथं महाराष्ट्र सुरू झालेला असतो. पत्रादेवीपलीकडे बांदा, पोळ्यापलीकडे कारवार, चोर्ला घाट चढलात की कर्नाटक. परवाना फक्त गोव्यापुरता असेल तर हद्द ओलांडताच तो तिथं चालत नाही. क्षेत्र वाढवून हवं असेल तर आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करा. मुदतीची तारीखही त्याच वेळी बघून घ्या. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर मुदत ५ वर्षांची झाली असली, तरी तुमच्या परवान्यावर छापलेली तारीखच खरी. मूळ परवाना हत्यारासोबतच असायला हवा, कारण पोलीस तो केव्हाही मागू शकतात.

२०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि तुमच्या ताब्यात हवी. कुणाला धाक दाखवायला शर्ट वर करणं ही चूक परवाना घालवू शकते. लग्नात किंवा वाढदिवसाला हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातलात, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता थांबे. मांडवी नदीतल्या कॅसिनोत, कोर्टात, विधानसभेत, विमानतळाच्या इमारतीत जायचं असेल तर प्रश्नच मिटला, पिस्तूल घरी. शाळा, इस्पितळ आणि बँकेलाही हाच नियम लावा. दाबोळी किंवा मोपाहून हत्यार घेऊन प्रवास करायचाच असेल, तर विमान कंपनीला आधी कळवा. रिकामं केलेलं हत्यार तपासलेल्या सामानातूनच जातं. समुद्रात उतरणार असाल तर किनाऱ्यावरच्या कपड्यांत ते ठेवता येत नाही. शिगमो, कार्निव्हल, जत्रा इथं खांद्याला खांदा लागतो. गर्दीत कुणाचा हात कुठून येईल याचा नेम नाही, आणि तिथं सुटलेली गोळी कुणाला लागेल हेही सांगता येत नाही.

दारूच्या बाबतीत तडजोड नाही. एप्रिलमध्ये शेजाऱ्याकडे उर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, एकच पेला घ्यायचा असला तरी पिस्तूल नको. "बघू, नाही पिणार" असं म्हणून निघू नका, कारण जेवायला बसल्यावर आग्रह होणारच.

मग न्यायचं कधी? काजूच्या हंगामात सत्तरीत रोख घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याचं उदाहरण घ्या. त्याने आधी रोख कमी करावी, वेळ आणि रस्ता बदलत राहावा, सोबत माणूस घ्यावा. एवढं करूनही धोका उरत असेल, आणि वाटेत काढून ठेवण्यासारखा एकही थांबा नसेल, तेव्हाच पिस्तूल. फक्त पैशांची पिशवी वाचवायला गोळी झाडणं कायद्यात सहज बसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क मिळत नाही. पळून जाता येत असेल तर पळा आणि ११२ लावा.

ज्या कपड्यांत बाहेर पडणार, त्याच कपड्यांत घरी तालीम करा. हत्यार रिकामं करा, सिलिंडर किंवा चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग ते लावून खाली वाका, उकिडवे बसा, वरच्या फळीवरचा डबा काढा. स्कूटरवर बसून हेल्मेट घालताना शर्ट किती वर जातो ते बघा. वाऱ्याने बुशशर्टाची मागची बाजू फुगते, म्हणून तो पुरेसा लांब आणि जरा जाड कापडाचा हवा. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे, आणि पट्टा वजनाने न वाकणारा हवा. सैल पट्ट्यावर पिस्तूल लोंबतं, मग माणूस सारखा हात लावत राहतो आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं तिथंच जातं. जुन्या रिव्हॉल्व्हरला घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) अडवणारी सुरक्षा नसेल तर सिलिंडरमधलं घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. नाहीतर खाली पडल्यावर ते उडू शकतं.

वाटेत शौचालयात जावं लागलं तर पिस्तूल होल्स्टरमधून काढू नका. टाकीवर किंवा खुंटीवर तर अजिबात ठेवू नका, तिथंच ते विसरलं जातं. स्कूटरची डिकी आणि गाडीचा कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे.

आपल्याकडची खारी हवा आणि घाम लोखंडाला सोडत नाही. संध्याकाळी हत्यार रिकामं करून कोरडं पुसा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका. चामडं ओल धरतं, पावसाळ्यात त्यावर बुरशी येते आणि काडतुसाच्या पितळेवर हिरवा थर चढतो. तशी काडतुसं वापरू नका. ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे द्या.

निवडणूक जाहीर झाली की जिल्हाधिकाऱ्यांचा शस्त्रं जमा करण्याचा आदेश आलाय का ते बघा. तो तुम्हाला लागू असेल तर मुदतीत हत्यार जमा करा, पावतीवरचा क्रमांक हत्यारावरच्या क्रमांकाशी ताडून घ्या आणि पावती परवान्यासोबत ठेवा. हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर शोधत बसण्यात दिवस घालवू नका, लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा.