लाइट गेल्यावर काय करावं आणि परत आल्यावर काय टाळावं

लाइट गेली की आधी खिडकीतून बाहेर बघा. शेजारी आणि रस्त्यावर उजेड असेल, तर बिघाड बहुधा तुमच्याच घरात आहे. डीबी बॉक्स, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनचे सुरक्षा-स्विच असलेली पेटी, उघडा. पडलेला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) कधीकधी पूर्ण खाली येत नाही, मधेच अडकतो. तो नुसता वर ढकलला तर टिकत नाही. आधी खाली पूर्ण दाबायचा, मग वर करायचा. बॉक्समधून जळका वास येत असेल तर हात लावू नका, वायरमनला बोलवा.

आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला असेल तर कुठेतरी करंट गळतोय. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर आरसीसीबी पुन्हा पडेल, त्या लाइनवरचे प्लग काढून परत बघा. गीझर, वॉशिंग मशीन किंवा पावसात भिजलेला बाहेरचा सॉकेट, बहुतेकदा यातलंच काही निघतं. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) अर्थला (जमिनीला जोडलेल्या तारेला) लागलेला असू शकतो. साधा एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. प्लग सगळे काढूनही फरक पडला नाही, तर पुढचं काम वायरमनचं.

जुना फ्यूज असेल तर मूळ जाडीचीच तार घाला. जाड तार घातली की फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते.

सगळ्याच भागात अंधार असेल तर तक्रार नोंदवा आणि घरातले प्लग काढा: फ्रीज, टीव्ही, कॉम्प्युटर, एसी. इस्त्री आणि शेगडी विसरू नका. माणसं चालू बटण तसंच ठेवून बाहेर जातात आणि लाइट मागाहून येते. एक दिवा तेवढा चालू ठेवा, लाइट आल्याचं कळायला. बाहेर तार तुटून पडली असेल तर 10 मीटरच्या आत कुणालाही जाऊ देऊ नका, तार मेलेली वाटली तरी.

फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतलं साधारण 4 तास नीट राहतं. गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास गारठा धरून ठेवतो. दूध, मांस, शिजवलेलं अन्न 5 अंशांच्या वर 2 तासांहून जास्त राहिलं असेल तर टाकून द्या. चव घेऊन ठरवू नका, जंतूंना चव नसते. घराबाहेर जाणार असाल तर वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय.

इन्व्हर्टरचा हिशोब करून ठेवलेला बरा. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. प्रत्यक्षात 1100 च्या आसपास हाती लागतात. दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून 200 वॉट धरले, तर पाच-साडेपाच तास. जुन्या बॅटरीवर बरेच कमी. गीझर, इस्त्री त्यावर लावायची नाही. बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच.

जनरेटर घरात, गॅलरीत किंवा जिन्याखाली चालवू नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. भिंतीतल्या सॉकेटमध्ये दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने जनरेटर जोडण्याचा उद्योग तर अजिबात नको: ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, तिथे हजारो व्होल्ट होते आणि खांबावर काम करणारा लाइनमन जिवाला मुकतो.

लाइट आली की लगेच सगळं लावू नका. पहिली काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होतं. 5 ते 10 मिनिटं थांबा, आधी दिवे-पंखे, मग फ्रीज, शेवटी एसी. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला 3 ते 5 मिनिटं लागतात. त्याआधी लावला तर मोटर दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, नुसती घुर्रर्र करते आणि टक् आवाज होऊन ओव्हरलोड (मोटर वाचवणारा छोटा स्विच) पडतो. असं वारंवार झालं की मोटरमधलं तारेचं वेटोळं (वाइंडिंग) जळतं.

दिवे नेहमीपेक्षा भलतेच प्रखर दिसले, किंवा काही प्रखर आणि काही मिणमिणते, तर न्यूट्रल तुटल्याची दाट शक्यता आहे. 230 च्या जागी 400 कडे झुकणारं व्होल्टेज घरात शिरू शकतं. मेन स्विच तात्काळ बंद करा आणि न्यूट्रल तपासून होईपर्यंत चालू करू नका.