प्रॉडक्शनमध्ये शिरायचंय? मग आधी एक सीन फोडून बघा

डायरेक्टर व्हायचंय म्हणणारे पायलीला पन्नास भेटतात, प्रॉडक्शनमध्ये जायचंय म्हणणारा क्वचितच, आणि माझ्या मते नवख्या माणसाला दार तिकडूनच लवकर उघडतं. माणसं, सामान, परमिशन आणि पैसा ठरल्या वेळी ठरल्या जागी आणणं, एवढंच काम (एवढंच!). १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादासाहेब फाळक्यांच्या अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बघायच्या, आपल्याकडच्या पहिल्या प्रॉडक्शनवाल्या त्याच असं मी तरी मानतो.

कॉलेजात असाल तर एकांकिकेच्या टीममध्ये बॅकस्टेजला घुसा. ठरलेल्या मिनिटांत सेट लावायचा, प्रॉपर्टी (म्हणजे नाटकात वापरायचं सामान) हरवू द्यायची नाही, टेम्पोवाल्याशी घासाघीस करायची, हे सगळं तिथं फुकटात शिकायला मिळतं. कोर्स करायचा असेल तर पुण्याचं एफटीआयआय (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) आहे १९६० पासूनचं, पण त्याला ग्रॅज्युएशन आणि एंट्रन्स दोन्ही लागतं. गोरेगावच्या फिल्मसिटीत व्हिसलिंग वूड्स ही खासगी फिल्म स्कूल आहे, फी बघून घरी आधी बोलून घ्या. कोर्सशिवाय आलेलेही भरपूर आहेत.

पण घरबसल्या आजपासून करता येईल अशी गोष्ट म्हणजे ब्रेकडाउन, म्हणजे सीन फोडून त्याला काय काय लागेल त्याची यादी. समजा स्क्रिप्टमध्ये एकच ओळ आहे, ‘ती भिजत चाळीत येते’. वाचायला दोन सेकंद लागतात, आता यादी करा: पाण्याचा टँकर, पंप, पाऊस पाडणारी माणसं, तिच्या ड्रेसचे एकसारखे तीन सेट कारण रिटेकला ती कोरडी हवी, टॉवेल, हेअर ड्रायर, कॅमेऱ्याला कव्हर, लाइटच्या वायरी पाण्यापासून लांब, चाळीच्या कमिटीची परवानगी, आणि प्रत्येक टेकनंतर केस-मेकअप परत करायला जाणारा वेळ. हा वेळच सगळ्यात महाग असतो, नवीन पोरं नेमकं तेच लिहायला विसरतात. असे दहा-बारा सीन एक्सेलमध्ये फोडा, मग एका लोकेशनचे सगळे सीन एकत्र लावून शेड्यूल बनवा, कारण शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. इंटर्नशिप मागायला जाल तेव्हा हेच दाखवा, नुसत्या ‘पॅशन’वर कुणी ठेवत नाही.

पहिलं काम बहुतेक प्रॉडक्शन असिस्टंटचं मिळेल. म्हणजे फोन, धावपळ, जेवणाचा आकडा, आणि उद्याचं कॉल शीट सगळ्यांना पोचलं का ते बघणं. कुणाला किती वाजता कुठे यायचंय ते त्यात असतं, तिथं सातचे आठ टाइप झाले की सगळी सकाळ बोंबलली. पेटी कॅशचा (किरकोळ खर्चासाठी हातात दिलेल्या रोख पैशांचा) हिशेब त्याच रात्री लिहा, टोल, पार्किंग, चहा, प्रत्येकाचं बिल नाहीतर व्हाउचर. हिशेब चोख असलेल्या पोराला पुढच्या प्रोजेक्टला आपणहून फोन येतो.

पैशाचं आधी बोला, संकोच नको. टीव्हीत पेमेंट ९० दिवसांनी मिळणं सर्रास चालतं, त्यामुळे तोवरचा खर्च हाताशी ठेवा आणि रेट मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. काम देतो म्हणून तुमच्याकडेच पैसे मागणाऱ्याला सरळ नमस्कार. शिफ्ट साधारण बारा तासांची, पण ती लांबते, तेव्हा शेवटची लोकल गेल्यावर पॅकअप झालं तर ड्रॉप मिळणार का हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कर्जत-कसारा नाहीतर डहाणूकडे राहत असाल तर नक्कीच.