भौतिकशास्त्राच्या पदवीसोबत वैकल्पिक विषय निवडताना

भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात मुख्य विषय ठरलेलेच असतात. गोंधळ उडतो तो वैकल्पिक विषयांचा अर्ज भरताना. यादीत खगोलभौतिकी, नॅनोतंत्रज्ञान, क्वांटम संगणन अशी नावे दिसली की हात आपोआप तिकडे वळतो. माझ्या अनुभवाने मात्र नावाच्या आकर्षणापेक्षा एकच प्रश्न कामी येतो: मुख्य विषयांचे प्राध्यापक जे विद्यार्थ्यांना येतेच असे गृहीत धरतात, पण वर्गात शिकवत नाहीत, ते कोणत्या विषयात शिकायला मिळेल?

या कसोटीवर पहिला क्रमांक रेषीय बीजगणिताचा लागतो आणि तो क्वांटम मेकॅनिक्सच्या आधीच्या सत्रात घ्यावा. १९२५ मध्ये क्वांटम मेकॅनिक्सची पायाभरणी करताना भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी मांडलेला विचित्र गुणाकार हा मॅट्रिक्सचा, म्हणजे रेषीय बीजगणितातील आकड्यांच्या चौकटींचा, गुणाकार आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांनी ओळखले, कारण ते गणित त्यांनी विद्यार्थिदशेतच शिकून ठेवले होते. आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सची वैशिष्ट्यपूर्ण मूल्ये) काढणे आणि बेसिस (सदिश मोजण्याची अक्षचौकट) बदलणे या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतील, तर वर्गात लक्ष भौतिकशास्त्राकडे राहते. नाहीतर सारा वेळ चिन्हे उतरवून घेण्यातच जातो.

दुसरा विषय संख्याशास्त्राचा. याच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मला ते अनाकलनीय वाटते. किरणोत्सारी स्रोताचे मापन घ्या. एका मिनिटात १०० कण मोजले गेले, तर त्यातील अनिश्चितता १०० च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १० असते. १०,००० मोजले, तर ती १०० होते. अनिश्चितता आकड्याने वाढली, पण प्रमाणात १० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली. त्यातून पार्श्वभूमीचे किरणोत्सर्जन वजा करताना दोन्ही अनिश्चिततांची वजाबाकी होत नाही, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. प्रयोगशाळेच्या पुस्तिकेत हे सूत्र दोन ओळींत उरकलेले असते. ते कुठून आले आणि कधी लागू पडत नाही, हे संख्याशास्त्राच्या वर्गातच कळते.

संगणकीय विषयांबाबत थोडी सावधगिरी हवी. केवळ एखाद्या भाषेचे व्याकरण शिकवणाऱ्या विषयापेक्षा संख्यात्मक पद्धतींचा विषय घ्यावा. ग्रहाची कक्षा ऑयलरच्या साध्या पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या काळाच्या पावलांनी आणि दर पावलाला जुनाच वेग वापरून स्थान काढत, काढून पाहिली, की ग्रह प्रत्येक फेरीत सूर्यापासून थोडा दूर सरकतो, कारण त्या पद्धतीत ऊर्जा अक्षय्य राहत नाही. प्रोग्राममध्ये आधी वेग बदलला आणि तोच नवा वेग वापरून स्थान काढले, तर ऊर्जा मूळ मूल्याच्या आसपासच राहते आणि कक्षा टिकते. दोन ओळींच्या क्रमाने उत्तराचा स्वभाव बदलतो, हे एकदा स्वतः पाहिले की संगणकाने दिलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची सवय सुटते.

प्रायोगिक कामाकडे ओढा असेल तर इलेक्ट्रॉनिक्स, पदार्थविज्ञानाकडे (मटेरियल्स सायन्स) असेल तर भौतिक रसायनशास्त्र आणि सैद्धांतिक बाजूकडे असेल तर कॉम्प्लेक्स ॲनालिसिस (संमिश्र संख्यांच्या फलनांचे गणित) व नंतर ग्रुप थिअरी (सममितीचे गणित), अशी सर्वसाधारण वाटणी करता येते. मन अजून ठरत नसेल, तर मी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने मत देईन. ऑप-ॲम्पचे (संकेत वाढवणाऱ्या छोट्या चिपचे) परिपथ स्वतः जोडलेल्या विद्यार्थ्याला मोजमापातील गोंगाट कुठून येतो हे विचारावे लागत नाही.

निवड पक्की करण्यापूर्वी विषयाचे नाव बाजूला ठेवून मागील वर्षाची गृहपाठाची पत्रके मिळवावीत. त्यांत उदाहरणे सोडवून घेतलेली आहेत की केवळ टिपा लिहायला सांगितल्या आहेत, एवढे पाहिले तरी पुरेसा अंदाज येतो. विषयाला कोणती पूर्वअट आहे आणि तो दरवर्षी शिकवला जातो की वर्षाआड, हेही विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे, कारण एक सत्र हुकल्याने पुढचे दोन विषय अडकू शकतात. प्रयोगशाळेचे तास जास्त असलेले दोन विषय एकाच सत्रात घेऊ नयेत. श्रेयांक सारखेच दिसले, तरी अहवाल लिहिण्याचा वेळ त्यांत मोजलेला नसतो.